नाव बदललं, दूधही सुधारलं. तरी दार का उघडत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उत्तर मॅसेडोनियानं युरोपीय महासंघात जाण्यासाठी स्वतःच्या देशाचं नाव बदललं, तरी 2005 पासून तो नुसता उमेदवारच आहे. मग अडचण त्या देशाच्या तयारीत आहे की आत बसलेल्यांच्या मनात? आणि युक्रेन-मोल्डोव्हाचीही हीच गत होणार का?

माझं मत आधीच सांगून टाकतो. तयारीत उणीव आहे आणि कामाच्या निमित्तानं ती मी रोज बघतो. पण ती उणीव आठ-दहा वर्षांत भरून निघण्यासारखी होती. वीस वर्षं गेली, कारण प्रवेशाच्या प्रत्येक पायरीवर प्रत्येक जुन्या सदस्याच्या हातात कुलूप आहे, आणि त्या कुलपाचा उपयोग शेजाऱ्याशी जुना हिशेब चुकता करायला झाला. त्यातून एका देशाचं नुकसान झालंच, शिवाय ‘सुधारणा करा, आम्ही आत घेऊ’ या शब्दाची किंमत सगळ्या बाल्कनमध्ये उतरली.

मी पशुवैद्यक आहे. शिक्षण महाराष्ट्रात, पुढचं नेदरलँड्समध्ये, आणि 2008 पासून बाल्कन देशांतल्या दूध आणि मांस तपासणीच्या प्रकल्पांवर सल्लागार. सदस्यत्वाच्या वाटाघाटी 35 प्रकरणांत विभागलेल्या असतात; माझं काम 12व्या प्रकरणातलं, म्हणजे अन्नसुरक्षा, जनावरांचं आरोग्य आणि पिकांवरचे रोग. राजदूतांना जे चित्र दिसतं त्यापेक्षा वेगळं चित्र मला दिसतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

‘वाटाघाटी’ हा शब्द मुळात फसवा आहे. दोन बाजू बसून देवाणघेवाण करतात असं त्यातून वाटतं. प्रत्यक्षात नियम ठरलेले असतात आणि उमेदवार देशानं ते जसेच्या तसे घ्यायचे असतात. बोलणं होतं ते एवढंच, की कधीपर्यंत घेणार आणि कुठे थोडी मुदत हवी. गाईच्या कच्च्या दुधाचं उदाहरण घ्या. एका मिलिलिटरमध्ये जिवाणू 1,00,000 पेक्षा जास्त नकोत आणि सोमॅटिक पेशी 4,00,000 पेक्षा जास्त नकोत. या पेशी वाढल्या की समजायचं, कासेला आजार आहे, ज्याला आपल्याकडे शेतकरी दगडी म्हणतात. दूध काढल्यावर लगेच थंड करायचं. रोज संकलन होत असेल तर 8 अंशांपर्यंत, नसेल तर 6 अंशांपर्यंत. प्रत्येक गाईच्या दोन्ही कानांत बिल्ला, त्या बिल्ल्याची नोंद देशाच्या संगणकात, आणि कोणताही पदार्थ कुठून आला नि पुढे कुणाला विकला याचा कागद हाताशी.

कायदा म्हणून हे सगळं चार महिन्यांत संसदेतून मंजूर करून घेता येतं आणि तसं केलंही जातं. पण उत्तर मॅसेडोनियातल्या बितोला शहराजवळच्या गावात पाच-सहा गाई असलेला माणूस सकाळी कॅन घेऊन रस्त्यावर उभा असतो, त्याच्याकडे बल्क कूलर नसतो आणि तालुक्याला एकच निरीक्षक असतो. तो निरीक्षक डेअरीवाल्याच्या मुलाच्या लग्नात जेवून आलेला असतो. त्यानं नमुना नापास करायचा आणि ते दूध परत पाठवायचं, हे जेव्हा घडतं तेव्हा तो देश सदस्यत्वाच्या जवळ गेलेला असतो. त्यासाठी निरीक्षकाला चांगला पगार हवा, वरून फोन आला तर पाठीशी उभा राहणारा साहेब हवा, आणि प्रकरण कोर्टात गेलं तर निकाल विकला जाणार नाही याची खात्री हवी. दुधाचा धागा ओढत गेलं की आपण न्यायव्यवस्थेपाशी पोहोचतो. 2020 मध्ये महासंघानं पद्धत बदलली, प्रकरणांचे सहा गट केले आणि न्याय, मूलभूत हक्क, सरकारी खरेदी हा ‘पाया’चा गट सगळ्यांत आधी उघडायचा नि सगळ्यांत शेवटी मिटवायचा असं ठरवलं. माझ्या मते ते अगदी योग्य झालं.

आता त्या बितोलाच्या डेअरीबद्दल. मालकाचं नाव देत नाही. चाळीसेक शेतकऱ्यांचं दूध तो घ्यायचा, पांढरं चीज करायचा. 2010 मध्ये त्यानं मला विचारलं, ‘‘डॉक्टर, कर्ज काढून कूलर बसवतो, पण आत जायला किती वर्षं लागतील?’’ मी म्हणालो, पाच-सहा. तेव्हा मला मनापासून तसं वाटत होतं. त्याआधीच्याच वर्षी, म्हणजे 2009 मध्ये, महासंघाचा कारभार चालवणाऱ्या युरोपीय आयोगानं मॅसेडोनियाशी वाटाघाटी सुरू कराव्यात अशी शिफारस केली होती. त्यानं कूलर बसवले, शेतकऱ्यांना जिवाणूंच्या मोजणीप्रमाणे दर द्यायला लागला आणि तीन वर्षांत त्याचं दूध मर्यादेच्या आत आलं. वाटाघाटी मात्र सुरू झाल्याच नाहीत.

का, ते सविस्तर सांगायला हवं.

पहिला अडसर ग्रीसचा. ग्रीसच्या उत्तरेकडच्या प्रांताचं नाव मॅसेडोनिया. युगोस्लाव्हिया फुटल्यावर तेच नाव शेजारच्या नव्या देशानं घेतलं. ग्रीसला त्यात आपल्या भूमीवरचा आणि इतिहासावरचा दावा दिसला. 1993 मध्ये त्या देशाला संयुक्त राष्ट्रांत प्रवेश मिळाला तो ‘पूर्वाश्रमीचं युगोस्लाव्ह प्रजासत्ताक मॅसेडोनिया’ अशा लांबलचक तात्पुरत्या नावानं. 1995 मध्ये दोघांचा करार झाला, की या तात्पुरत्या नावानं आंतरराष्ट्रीय संस्थांत जायला ग्रीस आडकाठी करणार नाही. 2008 मध्ये नाटोच्या बुखारेस्ट परिषदेत ग्रीसनं आडकाठी केलीच. 2011 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं निकाल दिला की ग्रीसनं करार मोडला. निकाल मॅसेडोनियाच्या बाजूचा होता, पण त्यानं दार उघडलं नाही, कारण एकमताची जागा कोर्टाचा निकाल घेऊ शकत नाही.

त्या काळात स्कोप्येतल्या, म्हणजे मॅसेडोनियाच्या राजधानीतल्या, सरकारनंही आगीत तेल ओतलं हे सांगायला हवं. विमानतळाला आणि महामार्गाला, ग्रीस आपला मानतो त्या अलेक्झांडरचं नाव, शहरभर पुतळे. वर वृत्तपत्रं आणि न्यायाधीश यांच्यावर दबाव. अडवणूक सोसणाऱ्या समाजात राष्ट्रवाद फोफावतो, सुधारणा मागे पडतात, आणि मग अडवणाऱ्याला आयतं कारण मिळतं.

2017 मध्ये झोरान झाएव्ह पंतप्रधान झाले. 17 जून 2018 रोजी प्रेस्पा सरोवराच्या काठी झाएव्ह आणि ग्रीसचे पंतप्रधान अलेक्सिस त्सिप्रास यांच्या उपस्थितीत करार झाला. देशाचं नाव ‘उत्तर मॅसेडोनिया’ होणार, भाषेचं नाव मॅसेडोनियनच राहणार. सप्टेंबरमध्ये सार्वमत झालं; मत देणाऱ्यांपैकी 90 टक्क्यांहून जास्त लोकांनी होकार दिला, पण मतदान जेमतेम 37 टक्के झालं. तरी संसदेनं दोन-तृतीयांश बहुमत कसंबसं जमवून घटना बदलली. ग्रीसच्या 300 जणांच्या संसदेत करार 153 मतांनी निसटता मंजूर झाला आणि फेब्रुवारी 2019 मध्ये पाट्या बदलल्या. दोन्ही नेत्यांना आपापल्या देशात शिव्याशाप मिळाले. मी त्या हिवाळ्यात स्कोप्येत होतो. आमच्या प्रयोगशाळेतल्या एका बाईंनी नवीन लेटरहेड हातात घेतलं, बराच वेळ त्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘मुलांसाठी हेही करू.’’ कुठलाही देश आत येण्यासाठी याहून मोठी किंमत देऊ शकेल असं मला वाटत नाही.

ऑक्टोबर 2019 मध्ये, महासंघाचं मुख्यालय असलेल्या ब्रसेल्सच्या शिखर परिषदेत फ्रान्सनं वाटाघाटी सुरू करायला नकार दिला. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांचं तेव्हा म्हणणं, आधी विस्ताराची पद्धतच सुधारा. अल्बानियाच्या बाबतीत नेदरलँड्स आणि डेन्मार्क यांचाही विरोध होता. पद्धत सुधारायला हवी हे फ्रान्सचं म्हणणं बरोबर होतं, पण ते सांगायची वेळ अतिशय वाईट निवडली. ज्यांनी नाव सोडलं त्यांना त्याच वर्षी दारातून परत पाठवलं. झाएव्ह यांनी मुदतपूर्व निवडणूक जाहीर केली. मार्च 2020 मध्ये हिरवा कंदील मिळाला, त्याच महिन्यात देश नाटोत गेला, आणि नोव्हेंबर 2020 मध्ये बल्गेरियानं नकाराधिकार वापरला.

बल्गेरियाचा आक्षेप भाषेला आणि इतिहासाला. मॅसेडोनियन ही स्वतंत्र भाषा नसून बल्गेरियनचंच एक रूप आहे, आणि गोत्से देल्चेव्ह हा आमचा वीर आहे, असं सोफियाचं, म्हणजे बल्गेरियाच्या सरकारचं, म्हणणं. देल्चेव्ह 1872 मध्ये कुकुश गावी जन्मला (ते आज ग्रीसमध्ये आहे), ऑटोमन सत्तेविरुद्ध लढता लढता 1903 मध्ये मारला गेला, आणि 1946 मध्ये त्याच्या अस्थी सोफियाहून स्कोप्येला आणल्या गेल्या. दोन्ही देशांच्या पाठ्यपुस्तकांत तो आहे. 1992 मध्ये मॅसेडोनियाला स्वतंत्र देश म्हणून सर्वांत आधी मान्यता दिली ती बल्गेरियानंच, पण भाषेचं स्वतंत्रपण त्यांनी मान्य केलं नाही. कोकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद ज्यांनी गोव्यात जगलाय त्यांना अशा प्रश्नात माणसं किती दुखावली जातात हे समजावून सांगावं लागणार नाही. आपल्याकडे तो वाद साहित्य अकादमी, विधानसभा आणि संसद यांच्यात मिटला. तिथे तो एका देशाच्या भविष्याची अट झाला.

2022 मध्ये फ्रान्सनं तोड काढली: मॅसेडोनियानं घटनेत बल्गेरियन लोकांचा उल्लेख करावा, मग गट उघडतील. 19 जुलै 2022 रोजी औपचारिक परिषद झाली, पण पुढे काही हललं नाही. 2021 च्या जनगणनेत स्वतःला बल्गेरियन म्हणवणारे सुमारे साडेतीन हजार जण निघाले. घटनेत त्यांचा उल्लेख करायला माझ्या मते हरकत नाही, अल्पसंख्याकांचा उल्लेख असणं चांगलंच. पण लोक विचारतात, ‘‘यानंतर तिसरी अट येणार नाही याची हमी कोण देतं?’’ या प्रश्नाला ब्रसेल्सकडे उत्तर नाही, कारण खरोखरच कुणी हमी देऊ शकत नाही. 2024 मध्ये ह्रिस्तियान मित्स्कोस्की यांचा पक्ष हाच प्रश्न घेऊन निवडणूक जिंकला. 120 जणांच्या संसदेत 80 मतं लागतात आणि ती नाहीत. अल्बानियाची गाडी मॅसेडोनियाच्या मागे अडकली होती; 2024 च्या शरद ऋतूत ती सोडवली आणि अल्बानिया भराभर पुढे गेला. अल्बानियन वंशाचे लोक मॅसेडोनियाच्या लोकसंख्येत जवळपास चौथा हिस्सा आहेत. सीमेपलीकडचे भाऊबंद पुढे जाताना त्यांनी किती काळ शांत बसून राहावं?

दरम्यान माणसं निघून गेली. 2002 च्या जनगणनेत 20.2 लाख रहिवासी होते, 2021 मध्ये 18.4 लाख. हजारो मॅसेडोनियन लोकांनी ‘आपलं मूळ बल्गेरियन आहे’ असं लिहून देऊन बल्गेरियाचा पासपोर्ट घेतला, कारण त्यावर जर्मनीत नोकरी करता येते. गोव्यातल्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल. 1961 पूर्वीच्या जन्मनोंदीच्या आधारे पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन युरोपात गेलेली घरं तिथे गावोगाव आहेत. बितोलाच्या त्या डेअरीला दूध घालणारे चाळीसचे चौदा झाले. दुधाची प्रत उत्तम आहे, पण दूध काढायला माणूस नाही. 2019 च्या त्या ऑक्टोबरनंतर मी त्याला भेटलो तेव्हा त्यानं मला एका शब्दानंही दोष दिला नाही. त्यानं कॉफी दिली आणि पोरगा स्टुटगार्टला गेल्याचं सांगितलं.

हे मॅसेडोनियापुरतं नाही. 2008-09 मध्ये स्लोव्हेनियानं पिरानच्या आखाताच्या सीमेवरून क्रोएशियाच्या वाटाघाटी अडवल्या. सर्बियाचा मार्ग त्याच्यापासून फुटलेल्या कोसोव्होच्या प्रश्नावरून जातो आणि महासंघातले पाच देश, म्हणजे स्पेन, ग्रीस, रोमानिया, स्लोव्हाकिया आणि सायप्रस, कोसोव्होला देश मानतच नाहीत. तुर्कस्तानच्या वाटाघाटी 2005 मध्ये सुरू झाल्या. 16 प्रकरणं उघडली, त्यातलं एकच तात्पुरतं मिटलं, आणि 2018 पासून सगळं गोठलेलं आहे. तिथे लोकशाहीची घसरण हे मोठं कारण आहेच, पण 2004 मध्ये ग्रीक आणि तुर्की भागांतली फाळणी न मिटवताच सायप्रसला आत घेतलं तेव्हा एक गाठ कायमची बसली. आत गेलेला शेजारी न्यायाधीश होतो आणि बाहेर राहिलेला आरोपी.

आता जुन्या सदस्यांची बाजू. त्यांची भीती खरी आहे. 2007 मध्ये बल्गेरिया आणि रोमानिया यांना घेतलं तेव्हा न्यायव्यवस्था आणि भ्रष्टाचार यांवरची कामं अपुरी होती. प्रवेशानंतर खास देखरेखीची यंत्रणा बसवली, ती 2023 पर्यंत चालली, आणि शेंगेनची, म्हणजे सीमेवर पासपोर्ट-तपासणी नसलेल्या क्षेत्राची, पूर्ण दारं त्यांना 2025 च्या जानेवारीत उघडली. आत येईपर्यंत देशावर जो दबाव टाकता येतो तो आत आल्यावर राहत नाही. हंगेरीचं उदाहरण त्याहून बोचरं. 2018 मध्ये युरोपीय संसदेनं हंगेरीविरुद्ध महासंघाच्या मूळ करारातल्या कलम 7 ची प्रक्रिया सुरू केली. सदस्य देशाचा मतदानाचा हक्क गोठवण्यापर्यंत ते कलम जाऊ शकतं, पण मूल्यांचा गंभीर भंग झाला असं ठरवायलाच बाकी सगळ्यांचं एकमत लागतं. म्हणजे घर मोडणाऱ्याला आवरण्याचं साधन घरातल्यांकडे जवळजवळ नाहीच. अशा स्थितीत आणखी आठ-नऊ जण आले तर परराष्ट्र धोरण आणि करांसारख्या एकमताच्या विषयांत काय होईल, ही काळजी रास्त आहे. 1993 च्या कोपनहेगन निकषांत, म्हणजे प्रवेशाच्या मूळ अटींत, लोकशाही, बाजार आणि कायदे पाळण्याची क्षमता यांची चर्चा सगळे करतात. त्याच मजकुरात नव्यांना सामावून घेण्याची महासंघाची स्वतःची क्षमता हाही मुद्दा होता. त्यावरचं काम तीस वर्षांत उमेदवारांच्या कामापेक्षा कमी झालं, असं माझं स्पष्ट मत आहे.

युक्रेनबद्दल. 28 फेब्रुवारी 2022 रोजी, आक्रमणाच्या पाचव्या दिवशी अर्ज, चार महिन्यांत उमेदवारी आणि जून 2024 मध्ये वाटाघाटींचा औपचारिक आरंभ. अलीकडच्या विस्तारांत इतका वेग कधी नव्हता. मग हंगेरीनं गट उघडायला अडवलं. युद्ध, व्यापलेला प्रदेश, सुरक्षेची हमी हे प्रश्न माझ्या आवाक्याबाहेरचे आहेत. शेतीवर मात्र बोलू शकतो. युक्रेनकडे सुमारे 4.1 कोटी हेक्टर शेतजमीन आहे आणि काही कंपन्या एकेकट्या लाखाहून अधिक हेक्टर कसतात. महासंघाच्या अंदाजपत्रकातला जवळपास तिसरा हिस्सा शेतीवर जातो आणि त्यातलं बरंचसं अनुदान हेक्टरच्या हिशेबानं मिळतं. हाच हिशेब युक्रेनला लावला तर तो टिकणार नाही. 2023 मध्ये युक्रेनचं धान्य येऊ लागल्यावर पोलंड, हंगेरी आणि स्लोव्हाकिया यांनी आयातबंदी घातली. युक्रेनला सर्वांत जिव्हाळ्यानं आसरा देणाऱ्या पोलंडचेच शेतकरी सीमेवर ट्रॅक्टर आडवे लावून बसले.

पण यावर तोडगा आधी निघालेला आहे. 2004 मध्ये दहा देश आले तेव्हा त्यांच्या शेतकऱ्यांना थेट अनुदान 25 टक्क्यांपासून सुरू झालं आणि 2013 मध्ये 100 टक्क्यांवर गेलं. कामगारांच्या मुक्त वावराला सात वर्षांपर्यंत अटकाव ठेवायची मुभा होती; जर्मनी आणि ऑस्ट्रियानं ती 2011 पर्यंत पुरेपूर वापरली. पोलंडच्या बऱ्याच जुन्या डेअऱ्यांना आणि कत्तलखान्यांना मुदत मिळाली, तोवर त्यांचा माल देशातच विकायचा. पैशाच्या आणि बाजाराच्या अडचणी टप्प्याटप्प्यानं सोडवता येतात, त्यात महासंघ तरबेज आहे. तो अडतो तो मताधिकारापाशी.

दबाव अजून चालतो याचा पुरावाही युक्रेननंच दिला. जुलै 2025 मध्ये तिथल्या संसदेनं भ्रष्टाचारविरोधी दोन संस्थांची स्वायत्तता काढून घेतली. युद्ध चालू असताना तरुण रस्त्यावर उतरले, ब्रसेल्सनं खडसावलं, आणि दहा दिवसांच्या आत कायदा फिरवला गेला. सदस्यत्वाची आशा जिवंत असताना हे घडतं. स्कोप्येत आज ब्रसेल्सच्या खडसावण्यानं कुणी दचकत नाही.

माझ्या हातात असतं तर मी एकच गोष्ट आधी बदलली असती: मधल्या पायऱ्यांवरचं एकमत काढून तिथे विशेष बहुमत, म्हणजे 55 टक्के देश आणि 65 टक्के लोकसंख्या. शेवटच्या करारावर एकमत राहू द्या. महासंघाच्या मूळ करारातलं कलम 49 तसं सांगतं आणि प्रत्येक संसदेचा तो हक्क आहे. पण गट उघडायला, प्रकरण मिटवायला, प्रत्येक वेळी सगळ्या 27 जणांचा होकार कशासाठी? दुधातले जिवाणू मर्यादेत आहेत की नाहीत हे प्रयोगशाळेनं ठरवावं, त्यात देल्चेव्हचा प्रश्न येऊ नये. जर्मनी, स्लोव्हेनिया यांनी असा बदल सुचवला आहे. अडचण ही की हा बदल करायलाही एकमतच लागतं.

दुसरं म्हणजे थोडं थोडं आधीच देत राहणं. हे सुरू झालं आहे: 2024 ते 2027 साठी पश्चिम बाल्कनला 6 अब्ज युरोंची वाढ-योजना, युरोतल्या बँक-व्यवहारांच्या जाळ्यात प्रवेश. बितोलाच्या डेअरीवाल्याला जर्मनीतल्या ग्राहकाचे पैसे आता स्वस्तात आणि लवकर मिळतात. त्याला हे परिषदेतल्या भाषणांपेक्षा जास्त कळतं. मात्र हे सदस्यत्वाच्या ऐवजी दिलं जातंय असा वास आला की लोक तोंड फिरवतील. मतदानाचा हक्क काही वर्षं उशिरा द्या असंही काही जण सुचवतात. मला ते पटत नाही. निर्णयात वाटा नसलेलं सदस्यत्व घ्यायला कुठलं सरकार आपल्या लोकांपुढे उभं राहील?

तुम्हाला यापुढे अभ्यास करायचा असेल तर भाषणांऐवजी मॉन्टेनेग्रोकडे लक्ष ठेवा. लोकसंख्या सव्वासहा लाखांच्या आसपास, चलन आधीपासून युरो, शेजाऱ्यांशी भांडण फारसं नाही, वाटाघाटी 2012 पासून, सगळी प्रकरणं उघडलेली, लक्ष्य 2028. एवढा लहान देश घेतल्यानं महासंघाच्या खजिन्याला ओरखडाही येणार नाही. त्याची सगळी प्रकरणं मिटली की करार 27 देशांकडे मंजुरीला जाईल, आणि फ्रान्सच्या घटनेतल्या कलम 88-5 प्रमाणे तिथे सार्वमत घ्यावं लागेल किंवा संसदेच्या दोन्ही सभागृहांचं तीन-पंचमांश बहुमत. पॅरिसमध्ये त्यातला कुठला रस्ता निवडतात, ते स्कोप्ये, किशिनाव (मोल्डोव्हाची राजधानी) आणि कीव्ह तिन्हीकडे श्वास रोखून पाहिलं जाईल.